बोटांना मुंग्या आणि ग्रास कटर

प्रश्न : पुण्यात सोसायट्यांच्या बागांची देखभाल करण्याचा माझा व्यवसाय आहे. आमच्याकडे ग्रास कटर चालवणाऱ्या माळीकाकांच्या बोटांना संध्याकाळी मुंग्या येतात. थंडीत सकाळी बोटांची टोकं पांढरी पडतात. अशक्तपणा असेल का?

उत्तर : टॉनिकची बाटली आधी बाजूला ठेवा. यंत्राच्या थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावल्या असण्याची दाट शक्यता आहे. सुरुवातीला मुंग्या थोड्या वेळात जातात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पुढे शर्टाचं बटण लावणंही जड जातं आणि तेव्हा झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. काकांना सध्या कटर देऊ नका. डॉक्टरांना दाखवताना यंत्राचा उल्लेख आवर्जून करा, नाहीतर चौकशी मधुमेह आणि मानेच्या मणक्यांपाशीच थांबेल. (तेही तपासायला हवंच.) विडी ओढत असतील तर ती सुटली पाहिजे, तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

बोथट किंवा वाकडं पातं, सैल नट, झिजलेले रबर यांनी थरथर वाढते. दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका. काम आलटून पालटून द्या. नुसत्या जाड हातमोज्यांवर विसंबू नका, थरथर त्यांतूनही पोहोचते.

पात्याखालून खडे गोळीसारखे उडतात, तेव्हा डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा आणि मुलांना 15 मीटर दूर ठेवा. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हेही काकांना विचारा.