चावीतला ‘च’

कुलपाची चावी हातात घ्या. रोमन सैन्याबरोबर इबेरियात गेलेल्या लॅटिनमध्ये तिला ‘क्लाविस’ म्हणत. तिथल्या पश्चिम कोपऱ्यातील बोलीत आरंभीच्या ‘क्ल’चा ‘च’ होऊन ‘चावे’ हा शब्द बनला. हीच पोर्तुगीज! राजा दिनिशच्या कारकिर्दीत (१२७९–१३२५) लॅटिनऐवजी ती दरबारी कागदपत्रांत आली. पुढे १५०० मध्ये ती ब्राझीलला, १५१० मध्ये गोव्यात पोहोचली. आज तिचे बहुसंख्य भाषक ब्राझीलमध्येच आहेत.

गंमत अशी, की लिस्बनमध्ये नंतर या ‘च’चा ‘श’ झाला. तिथे आता ‘शाव’ म्हणतात. आपल्या चावीत मात्र १६ व्या शतकातला उच्चार शिल्लक आहे. ‘पाव’ही तपासा. मूळ लॅटिन ‘पानेम’. त्यातला ‘न’ पोर्तुगीजमध्ये अनुनासिकापुरता उरला, आणि आपण तोही सोडला.