वर्गातील यंत्र आणि शिक्षकाचा निर्णय

शाळेस एखादे नवे साधन पुरविणे हे प्रशासनाच्या दृष्टीने एका दिवसाचे काम असते. पुरवठा झाला, पोच मिळाली, नोंद झाली. ते साधन वर्गात वापरावयाचे की नाही, हा निर्णय मात्र शिक्षकास रोज घ्यावा लागतो. तो कशावर अवलंबून असतो, याचा विचार साधनांच्या खरेदीच्या मानाने आपल्याकडे फारच थोडा झालेला आहे.

हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' या उपग्रह दूरदर्शन प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत सकाळचा कार्यक्रम शाळेतील मुलांसाठी असे. पुढे महाराष्ट्राकरिता असे कार्यक्रम तयार करण्यासाठी पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. कार्यक्रमांमागे परिश्रम होते, यात शंका नाही. परंतु प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे आणि वर्गाचे वेळापत्रक तिच्याशी जुळेलच असे नव्हते. शिक्षक अपूर्णांक शिकवीत असताना पडद्यावर परागीभवन चालू असेल, तर त्याने काय करावे? प्रक्षेपण थांबविता येत नाही, मागे नेता येत नाही आणि न समजलेला भाग पुन्हा दाखविता येत नाही. खडू आणि फळा यांबाबत ही अडचण कधीच येत नाही.

अमेरिकेतील शिक्षणाचे अभ्यासक लॅरी क्यूबन यांनी १९८६ साली नेमका हाच मुद्दा मांडला. चित्रपट, रेडिओ आणि दूरदर्शन ही साधने १९२० पासून तेथील शाळांत मोठ्या अपेक्षेने आली, परंतु वर्गात ती अल्प प्रमाणातच वापरली गेली. क्यूबन यांनी याचा दोष शिक्षकांच्या हटवादीपणास दिला नाही. भरलेला वर्ग, ठराविक तासिका आणि पूर्ण करावयाचा अभ्यासक्रम यांच्या मर्यादेत शिक्षक जे हाताशी असते व हुकमी चालते तेच निवडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पेगी अर्टमर यांनी १९९९ मध्ये अडथळ्यांचे दोन प्रकार सांगितले. साधने, वेळ, प्रशिक्षण व साहाय्य यांचा अभाव हे बाहेरचे अडथळे. अध्यापन म्हणजे काय, याविषयीची शिक्षकाची स्वतःची धारणा हा आतला. पहिले अडथळे निधीने दूर होऊ शकतात. दुसऱ्याला शासननिर्णय पुरत नाही.

आपल्या ग्रामीण शाळांचा विचार करता या दोहोंच्या मध्ये बसणारे आणखी एक कारण दिसते व प्रस्तुत लेखकास ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे जबाबदारीचे भय. एका शाळेत दूरचित्रवाणी संच कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेला पाहिला. मुख्याध्यापकांना कारण विचारता त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर पुढे केले. संच त्यांच्या नावे होता. बिघडला तर दुरुस्तीस तरतूद नाही, चोरीस गेला तर वसुली आणि बदलीच्या वेळी कार्यभार देताना तो सुस्थितीत दाखविणे आवश्यक. न वापरलेल्या संचाबद्दल मात्र लेखापरीक्षणात एकही शेरा येत नाही! अशा व्यवस्थेत कपाट बंद ठेवणे हा शहाणपणाचाच निर्णय ठरतो. त्या गृहस्थांना आळशी म्हणण्याचे धैर्य निदान मला झाले नाही.

द्विशिक्षकी शाळेत आणखी अडचण असते. एक शिक्षक दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळतो. एका इयत्तेसाठी पडदा सुरू केला की बाकीच्यांचे लक्ष तिकडे जाते. वीज खंडित झाली तर पंधरा मिनिटे जातात आणि वर्ग पुन्हा स्थिर करण्यास तितकीच लागतात. दोनदा असे घडले की तिसऱ्यांदा शिक्षक त्या वाटेस जात नाही.

याउलट जे साधन चालू रीतीत सहज मिसळते, ते टिकते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर संकेतांची जोड दिली. कविता, पाठ, गोष्टी त्यांतून ऐकता व पाहता येऊ लागल्या. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे. त्या कल्पनेतील मर्म मात्र क्वचितच सांगितले जाते. मुलाच्या हातातले पुस्तक तसेच राहिले आणि साधन केव्हा वापरावयाचे, हे शिक्षकाच्या व पालकाच्या हाती राहिले. त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद असताना सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले, कारण घरोघरी मुलांच्या हाती देण्याजोगा मोबाइल नव्हता. साधनाची निवड परिस्थिती पाहून करावयाची असते, याचे हे उदाहरण होय. ती निवड तेथे शिक्षकांनीच केली होती.

प्रशिक्षणाबद्दलही थोडे. सभागृहात शंभर शिक्षकांना एकदम यंत्राची बटणे दाखविणे यास प्रशिक्षण म्हणणे कठीण आहे. शिक्षकास हवे असते ते निराळेच : चौथीच्या भागाकारासाठी हे कोठे उपयोगी पडेल आणि कोठे नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१५ च्या अहवालात, शाळांतील संगणकांवर मोठा खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित व विज्ञान या विषयांतील गुणवत्ता लक्षणीय वाढल्याचे आढळले नव्हते. म्हणून 'उपयोग कोठे नाही' हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकास विरोधक समजू नये.

ग्रामपंचायत सदस्यांच्या व शाळा व्यवस्थापन समितीच्या हातीही बरेच आहे. वीजदेयक वेळेवर भरले जाते काय, दुरुस्तीसाठी लहानशी रक्कम वेगळी ठेवता येईल काय आणि वापरात असताना नादुरुस्त झालेल्या वस्तूचा पंचनामा करून ती निर्लेखित करण्यास समिती ठरावाने पाठिंबा देईल काय, हे प्रश्न मासिक सभेत घेता येतील. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत साधन वापरून घेतलेला एक पाठ प्रत्यक्ष पाहण्याची व्यवस्था करावी, आणि तो फसला तरी त्याची चर्चा शेऱ्याविना व्हावी.