कप्प्याचा खटका

उल्कापाताने घडलेले लोणारचे सरोवर पाहावयास निघालेली एक ठेंगणी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार सुलतानपूर येथे दुरुस्तीच्या दुकानापुढे थांबली. चालकाशेजारच्या आसनासमोरील कप्पा प्रत्येक धक्क्यास उघडत होता. उघड्या मोटारींच्या काळी या कप्प्यात हातमोजे ठेवीत. म्हणून त्यास आजही ‘ग्लव्ह बॉक्स’ म्हणतात. दोष लहान खरा; पण झाकण पडले की चालकाची नजर रस्त्यावरून ढळे.

“नवा खटका बसवा,” मालक म्हणाले.

मिस्त्रींनी आधी खटक्याची जीभ बोटाने दाबली. ती आत जाऊन झटकन बाहेर आली. म्हणजे स्प्रिंग शाबूत होती. मग त्यांनी जिभेस ओला खडू लावून झाकण मिटले. खूण खाचेत न उमटता खाचेच्या खालच्या काठावर उमटली! बिजागरीचे स्क्रू सैल होऊन झाकण किंचित खाली उतरले होते. जीभ खाचेत पुरती शिरतच नव्हती.

मिस्त्रींनी झाकण अर्धे सूत वर उचलून धरले आणि स्क्रू बेताने आवळले. फार पिळल्यास प्लास्टिकमधील आटे झिजतात. झाकण मिटताच ‘खट्’ असा आवाज झाला.

“आणि खटका?”

“त्याचा काही अपराध नव्हता, साहेब.”

मालकांनी झाकण चार-पाच वेळा उघडून मिटून पाहिले. मग मोटार लोणारच्या रस्त्यास लागली.