गृध्रसी : कटिशूलाच्या रुग्णास विचारावयाचा पहिला प्रश्न

कृष्णा-कोयनेकाठचा ऊसतोडीचा हंगाम असो वा सांगलीच्या पेठेतील हळदीच्या आवकेचे दिवस असोत, कंबर धरून येणारे रुग्ण आपणां सर्वांस परिचित आहेत. मोळी किंवा पोते उचलताना कंबरेत चमक भरली व वेदना पायात उतरली, हे त्यांचे नेहमीचे कथन.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २८ व्या अध्यायात स्फिक्, कटि, पृष्ठ, ऊरु, जानु, जंघा व पाद असा या वेदनेचा क्रम सांगून गृध्रसीचे वातज व वातकफज असे दोन प्रकार मानले आहेत. मणक्यांमधील चकती सरकून नाडीमूळ दबल्याने अशी वेदना होते, हे मिक्स्टर व बार यांनी १९३४ साली मांडले. तथापि प्रत्येक कटिशूल गृध्रसी नव्हे.

परीक्षण

रुग्णास उताणे निजवून, गुडघा सरळ ठेवून पाय उचलावा. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान वेदना गुडघ्याखाली उतरल्यास नाडीमूळ दबल्याचा संशय घ्यावा. टाचांवर चालणे न जमल्यास चौथ्या-पाचव्या कटिमणक्यांमधील, तर चवड्यांवर चालणे न जमल्यास त्याखालील चकतीचा विचार करावा.

सावधानता

या सर्वांआधी एक प्रश्न विचारावा : लघवी नेहमीसारखी होते काय? आमच्याकडे आलेल्या एका ऊसतोड कामगाराने संकोचाने मूत्रावरोध सांगितला नाही व आम्हीही विचारला नाही. स्नेहन-स्वेदनात दोन दिवस गेले. पुढे शस्त्रक्रिया होऊनही मूत्राचा त्रास पूर्णतः गेला नाही. ही चूक आमची होती.

मूत्र अडणे वा नकळत होणे, मलावरील ताबा जाणे, गुदाभोवती व मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता, दोन्ही पायांत वाढती दुर्बलता, यांपैकी काहीही आढळल्यास बस्ती, मर्दन यांत वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. ज्वर, अकारण कृशता, अर्बुदाचा पूर्वेतिहास वा मोठा आघात असल्यासही त्वरित तपासणी करवावी.

चिकित्सा

ही लक्षणे नसल्यास बहुतेक रुग्णांस ६ ते १२ आठवड्यांत आराम पडतो. एक-दोन दिवसांहून अधिक अंथरुणास खिळवू नये. सोसेल तितके चालवावे. ओझे उचलणे व वाकणे वर्ज्य. मृदु अभ्यंग, स्वेदन, एरंडस्नेह, बस्ती, रास्नासप्तक क्वाथ व त्रयोदशांग गुग्गुळ यांची योजना रुग्णबलानुसार करावी. बधिर त्वचेवर स्वेदन करू नये. भाजल्याचे रुग्णास कळत नाही. कंबरेस झटके देणे सर्वथा टाळावे.

औषधविक्रेत्यांस विनंती

कंबरदुखीकरिता तेच औषध वारंवार नेणाऱ्या ग्राहकास वैद्यांकडे पाठवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांस गुग्गुळकल्प परस्पर देऊ नयेत. आणि वरील एक प्रश्न आपणही विचारावा. त्यास क्षणभरच लागतो; पण तो न विचारल्यास रुग्णास जन्मभराचे व्यंग येऊ शकते.