‘विष’ : मुख्यार्थ आणि लक्ष्यार्थ

‘विष’ या पदाची व्युत्पत्ती वैयाकरण ‘विष्लृ’ या व्याप्तिवाचक धातूपासून देतात. जे शरीर व्यापून टाकते ते विष. ‘विष्णु’ या नामाची व्युत्पत्तीही परंपरेने याच धातूपासून दिली जाते. म्हणजे व्यापणे हा स्वतः दोष नव्हे, व्यापणारे काय आहे हे पाहावे लागते. जुन्या मराठीत हा शब्द ‘विख’ असा येतो आणि त्याच कुळातील ‘विखार’ आजही बोलण्यात आहे. ‘विषाद’, ‘विषण्ण’ ही पदे मात्र ‘सद्’ धातूची. त्यांचा विषाशी काही संबंध नाही. अर्जुनाच्या विषादात विष शोधणारे निरूपण कानाला गोड लागते, पण ते केवळ ध्वनिसाम्यावर उभे असते.

आता मुख्यार्थ. सुश्रुताने विषाचे स्थावर व जंगम असे भेद केले. स्थावर म्हणजे मूळ, पान, फळ, धातू इत्यादींतील, त्याची अधिष्ठाने दहा. जंगम म्हणजे प्राण्यांचे, त्याची सोळा. प्रस्तुत विचार मुख्यतः सर्पविषाचा आहे. सर्पाची विषग्रंथी ही लाळेच्या ग्रंथीचेच पालटलेले रूप होय, आणि तिच्यातील द्रव्य भक्ष्य निश्चेष्ट करण्यासाठी असते. ते रक्तात शिरावे लागते, म्हणून दात आणि जखम या दोहोंवाचून त्याचे कार्य होत नाही. नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर, तर घोणस व फुरसे यांचे रक्तावर आघात करते. मण्याराचा दंश पुष्कळदा रात्री, झोपेत होतो व त्याची वेदना जाणवतही नाही.

वैद्यकाने विषाचे जे गुण सांगितले त्यांत ‘व्यवायी’ हा गुण फार मार्मिक आहे. अन्न आधी पचते, मग त्याचा रस सर्वांगी पोचतो. विष आधी सर्वांगी पसरते, मग पचते. ‘विखारी बोलणे’ हा प्रयोग रूढ झाला त्याचे बीज येथे दिसते. निंदेचा शब्द कानी पडला की खऱ्याखोट्याचा विचार होण्यापूर्वीच तो मनभर पसरतो. विचार मागाहून येतो, आणि कित्येकदा येतही नाही. सर्पाचे विष लाळेच्या जागीच उपजावे आणि मनुष्याचेही मुखातून निघावे, हे साम्य लक्षात घेतले म्हणजे ‘गरळ ओकणे’ या शब्दप्रयोगाची यथार्थता पटते.

सुश्रुताने ‘दूषीविष’ म्हणून आणखी एक प्रकार वर्णिला आहे. जुने झालेले, औषधाने हतवीर्य झालेले, परंतु शरीरातून समूळ न गेलेले असे ते विष. ते मारीत नाही. वर्षानुवर्षे अंगात दडून राहते आणि देश, काल, अन्न, दिवसाची झोप अशा निमित्ताने पुन्हा उसळते. एका मठात वा एका घरात राहणाऱ्यांमध्ये जुना आकस असाच असतो. क्षमा मागितली, दंडवतही झाले, तरी पंक्तीत पान मागेपुढे झाल्याच्या निमित्ताने तो वर येतो.

लक्षणा केव्हा घ्यावी? मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन, अशी तीन कारणे मम्मटाने सांगितली आहेत. शास्त्रकारांचे प्रसिद्ध उदाहरणही विषाचेच आहे. हितचिंतक म्हणतो, विष खा, पण त्या घरी जेवू नकोस. तो विष खाण्याची आज्ञा देत नाही. ते जेवण विषाहून घातक आहे एवढेच सांगतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि राजस सुख परिणामी विषासारखे म्हटले आहे. तेथे ‘इव’ पद असल्यामुळे उपमा उघडच आहे.

येथे शंका अशी की, मग कालियाच्या विषाचाही अहंकार असाच अर्थ का करू नये? समाधान असे की, तेथे मुख्यार्थाला बाध कोठे आहे? भागवताच्या दशम स्कंधात डोहाचे पाणी विषाने उकळते, वरून उडणारे पक्षी पडतात, पाणी प्यालेल्या गाई व गोप प्राणहीन होतात आणि श्रीकृष्णाच्या कृपादृष्टीने उठतात. लीळा प्रत्यक्ष घडली म्हणूनच तिचे स्मरण करावयाचे. ती रूपक ठरली, तर स्मरणाला आधार काय उरला? बोध काढावा, परंतु मुख्यार्थ राखून.

व्यवहारातही हा विवेक हवा. शेतात वासनिकाला साप डसला असता तेथे विष मुख्यार्थानेच आहे. दंश झालेला अवयव हलवू न देता, जखम न चिरता, त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. घोड्याच्या रक्तात विषाची अल्प मात्रा क्रमाने वाढवीत देऊन जो प्रतिकारक रस तयार होतो, त्याची लस तेथे मिळते. अशा वेळी मांत्रिकाच्या दारी गेलेला वेळ विषाच्याच कामी पडतो.

कालियाच्या प्रसंगी आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. श्रीकृष्णाने त्याला मारले नाही, त्याचे विषही काढून घेतले नाही. सर्पाचा स्वभाव सुटत नाही असे कालिया स्वतःच सांगतो, आणि देव ते ऐकून घेतात. त्याला परिवारासह समुद्राकडे जाण्याची आज्ञा झाली, व यमुनेचे पाणी गाईंना पिण्यास मोकळे झाले.