बुरशीवर जगणारा सूत्रकृमी

सूत्रकृमी हा शब्द आमच्या पालकवर्गाला अपरिचित नाही. डाळिंबाच्या वा टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारा शत्रू म्हणूनच तो ओळखला जातो. प्रस्तुत पाठात आम्ही ज्याचा परिचय करून देत आहोत, तो मात्र मुख्यतः मातीतील बुरशीवर उपजीविका करतो. अफेलेंकस अव्हेनी हे त्याचे शास्त्रीय नाव. बॅस्टियन या शास्त्रज्ञाने १८६५ साली त्याचे वर्णन केले.

त्याची लांबी एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते. तोंडातील सुईसारखा पोकळ काटा बुरशीच्या तंतूत खुपसून तो आतील रस ओढतो. मानेजवळचा गोल स्नायुगोळा या कामी पंपासारखा चालतो. नर क्वचितच आढळतात. मादी नराविनाच अंडी घालते.

आम्हांस सर्वाधिक विस्मय वाटतो तो त्याच्या सुकण्याचा. माती हळूहळू कोरडी होऊ लागली, की तो वेटोळे घालतो आणि शरीरातील साठ्यापासून ट्रेहॅलोज नावाची शर्करा तयार करतो. वाळलेल्या बियाण्यांत असणाऱ्या संरक्षक प्रथिनांशी साम्य असलेले एक प्रथिन त्याच्यातही असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. अशा अवस्थेत जीवनव्यापार जवळजवळ थांबतो. पुन्हा ओल मिळाली, की काही तासांत हालचाल सुरू होते. अट एकच, सुकणे सावकाश व्हावे. एकाएकी वाळवल्यास त्याला तयारीची उसंत मिळत नाही व तो मरतो.

रायझोक्टोनिया, फ्युजेरियम यांसारख्या मूळकूज व मर आणणाऱ्या बुरशी तो खातो. अन्नातील जादा नत्र अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. ते पिकाला उपयोगी पडते. परंतु मुळांशी सहजीवन करणारी उपकारक बुरशीही त्याला वर्ज्य नाही आणि अळिंबी पिकवणाऱ्यांच्या दृष्टीने तर तो उपद्रवीच. म्हणून त्याला सरसकट मित्र म्हणणे आम्हांस धाडसाचे वाटते. तथापि, गाठीच्या सूत्रकृमीसाठी जमिनीत ओतलेले विष या दोघांत भेद करीत नाही, हे ध्यानी घ्यावे.

याकरिता माती तपासून घेताना सूत्रकृमींची नुसती संख्या न विचारता प्रकारही विचारावेत. नमुना मुळांलगतच्या ओलसर मातीचा घ्यावा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीतून न्यावा. खत-परीक्षणाच्या मातीप्रमाणे तो वाळवू नये. तशा मातीत मोजण्याजोगे जिवंत फारसे काही उरत नाही.