माउंटन बाइकचा टायर : आधी बाजू पाहा

आपल्या फिनिक्स परिसरातील बऱ्याच मराठी घरांच्या गराजमध्ये आता माउंटन बाइक दिसते. व्यायाम म्हणून हा छंद चांगला आहे. पळण्यापेक्षा गुडघ्यांना त्रास कमी होतो आणि मुलांनाही बरोबर नेता येते. परंतु साउथ माउंटनच्या खडकाळ वाटेवर, गाडीपासून चार-पाच मैलांवर टायर फाटला, तर टायरचे पैसे जातातच, शिवाय उन्हात सायकल ढकलत परतावे लागते. बाटलीतले पाणी संपत आलेले असेल, तर प्रश्न पैशांचा न राहता प्रकृतीचा होतो. म्हणून टायर निवडताना काय पाहावे, याची ही माहिती.

काटा वेगळा, दगड वेगळा

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबऐवजी सीलंट नावाचा पातळ द्रव असतो. काटा घुसला की तो द्रव त्या भोकात जाऊन घट्ट होतो. इथला ‘गोटहेड’ काटा म्हणजे आपल्या देशावरचा सराटाच. वनस्पती तीच, आणि सायकलवाल्यांशी वैरही तेच! सराटा किंवा निवडुंगाचा काटा असेल, तर सीलंट बहुधा आपले काम चोख करते.

धारदार दगडाची गोष्ट निराळी. तो टायरच्या बाजूला लांब चीर पाडतो. जमिनीला टेकणारा भाग जाड रबराचा असतो. बाजू मात्र पातळ आणि सतत वाकणारी. तेथील चीर सीलंटने सहसा बुजत नाही. म्हणून आपल्याकडच्या वाटांसाठी नक्षीच्या आधी बाजू पाहावी.

बाजूची ताकद कशी ओळखावी?

टायर म्हणजे नायलॉनच्या धाग्यांचे कापड आणि त्यावर रबर. एका इंचात किती धागे, हा आकडा वेष्टनावर दिलेला असतो. बहुधा ६० किंवा १२०. ६० म्हणजे जाड धागे, १२० म्हणजे बारीक आणि लवचिक. जास्त आकडा म्हणजे जास्त मजबूत, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. या आकड्यापेक्षा कापडाचे थर किती आणि बाजूला वेगळे संरक्षक कापड आहे का, हे महत्त्वाचे.

मॅक्सिस कंपनीचे उदाहरण घेऊ. ‘एक्सो’ प्रकारात एक थर आणि बाजूला चिरेपासून वाचवणारे कापड असते. ‘डबल डाउन’मध्ये १२० धाग्यांचे दोन थर असतात. ‘डी.एच.’मध्ये ६० धाग्यांचे दोन थर. तो मुख्यतः उतारावरील शर्यतींसाठी. श्वाल्बे कंपनीत ‘सुपर ट्रेल’ आणि त्याहून दणकट ‘सुपर ग्रॅव्हिटी’ अशी नावे आहेत. एकाच नक्षीचा टायर वेगवेगळ्या बांधणीत मिळतो, म्हणून फक्त नक्षीचे नाव सांगून टायर मागवू नये.

दणकट टायर २००-३०० ग्रॅमने जड असतो आणि चढावर ते जाणवते. त्यावर तोड सोपी आहे. अंगाचा भार मागच्या चाकावर जास्त येतो, तेव्हा दणकट टायर मागे लावावा आणि पुढे मध्यम प्रतीचा.

खर्चाचा हिशेब

समजा, हलका टायर ७० डॉलरचा आणि दणकट ९० डॉलरचा. हलका टायर नक्षी झिजण्याआधीच बाजूने फाटला, तर वर्षात दोन घ्यावे लागून १४० डॉलर होतात. दणकट टायर नक्षी झिजेपर्यंत टिकला, तर ९० डॉलरमध्ये काम भागते. मात्र घराजवळच्या कालव्याकाठच्या सपाट वाटेवरच सायकल चालवणार असाल, तर हे २० डॉलर वाचवावेत.

लावल्यानंतर

१) हवा फार कमी ठेवू नये, नाही तर दगड आणि रिम यांच्यात टायर चेपून कापला जातो. ७०-७५ किलो वजनाच्या माणसाने २.४ इंची टायरसाठी पुढे २२ आणि मागे २५ पी.एस.आय.पासून सुरुवात करावी व अनुभवाने बदल करावा. टायर आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये.

२) आपल्या कोरड्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते. दर दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी.

३) पिशवीत प्लगचा संच, एक ट्यूब, पंप आणि जुन्या टायरचा हातभर नव्हे, बोटभर तुकडा ठेवावा. बाजूला चीर पडली, तर तो तुकडा आतून लावून ट्यूब घालावी. तुकडा नसेल, तर घडी घातलेली डॉलरची नोटही घरापर्यंत पोहोचवते.

४) दर फेरीनंतर टायरच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. आतले धागे दिसू लागले की तो टायर बदलावा. खिसा आणि जीव, दोन्हींच्या दृष्टीने तेच स्वस्त पडते.